बारा ऑगस्टची काच

श्रीरंग : पंप बंद कर. अनघा, आधी पंप बंद कर, मग काय ते बोल.

अनघा : बाबा, चपला तरी काढा! बख्शी का तालाब गावाहून आत्ता येताय, चहा घ्या, मग…

श्रीरंग : चहा गेला चुलीत. किती वेळ चालू आहे हा?

अनघा : सहापासून. साडेतीन तास झाले. रात्री बेसमेंटमध्ये पाणी भरलं, पार कमरेएवढं. आता गुडघ्याखाली आलंय. अजून दोन तासांत फरशी दिसेल.

श्रीरंग : फरशीच्या आधी भिंत दिसेल तुला, आडवी झालेली. रईसमियाँ! ओ रईसमियाँ! मोटर बंद कीजिए!

रईस : साहब? बिटिया तो कह रही थीं, पूरा खींच लो.

श्रीरंग : बंद कीजिए और ऊपर आइए. औज़ार वहीं छोड़ दीजिए. एकदम!

(मोटर थांबली आणि महानगर नावाच्या वस्तीतल्या त्या घराचा जिना गप्प झाला. वरच्या पायरीवर श्रीरंग देशमाने उभे होते. वय एकाहत्तर, सारी नोकरी जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करण्यात गेलेली. समोर त्यांची मुलगी अनघा. ती ह्याच तळघरात मुलींसाठी अभ्यासाची लाइब्ररी चालवायची. मधल्या पायरीवर चिखलानं माखलेला रईस मिस्त्री. सत्तावीस वर्षांपूर्वी ह्या घराच्या विटा त्यानंच रचल्या होत्या. अनघाच्या डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती. बाबांना ही लाइब्ररी पहिल्यापासून नको होती, आज त्यांना कारण मिळालं.)

अनघा : झालं समाधान? आता?

श्रीरंग : खालची लाइट मेनवरून तोडलीस?

अनघा : रात्रीच. एवढी बुद्धी आहे मला.

श्रीरंग : बरं केलंस. रईसमियाँ, नीचे कुछ आवाज़ सुनी? सच बताइए.

रईस : साहब, अब पूछ रहे हैं तो… दो बार कट-कट हुआ. हम समझे टाइल चटकी होगी.

श्रीरंग : किस तरफ़ से?

रईस : बाहर जिधर गड्ढा है, उस दीवार से.

अनघा : रईसचाचा, ये आपने मुझे नहीं बताया!

रईस : आप फ़ोन पर थीं, बिटिया. और जल्दी भी तो आप ही को थी.

श्रीरंग : ऐकलंस? आता कोणीही खाली जायचं नाही. तू नाही, हे नाहीत, कोणी नाही.

अनघा : बाबा, यार, घर भरलं पाण्यानं तर माणूस पाणी काढणार ना? की त्यात मासे सोडणार?

श्रीरंग : बाहेर किती पाणी आहे ते बघितलंस?

अनघा : बाहेर कुठे? पाऊस पहाटेच थांबला. अंगण कोरडं पडलंय.

श्रीरंग : अंगण नव्हे गं. मातीत. भिंतीच्या पलीकडं. माती पाण्यानं गच्च झालीय आणि ते सगळं पाणी भिंतीला आत ढकलतंय. रात्रभर ती उभी राहिली ती आतल्या पाण्याच्या आधारानं. एका दाराला दोन्हीकडून माणसं रेटत असली की दार जागेवर राहतं. तू साडेतीन तास आतली माणसं काढून घेतेयस. बाहेरची आहेत तशीच आहेत.

अनघा : ही तुमची थिअरी.

श्रीरंग : ही थिअरी नाही. कट-कट वाजली ती थिअरी होती का?

अनघा : तुम्हाला लाइब्ररी बंद पाडायचीय. सरळ म्हणा ना! पहिल्या दिवसापासून तुमचं एकच, जमिनीखाली माणसं बसवायची नसतात. नोकरी सोडली तेव्हा कोणी विचारलं नाही मला, अनघा, जेवलीस का. ह्या बावीस मुलींनी उभं केलंय मला. आणि आज तुम्ही भिंतीचं भूत दाखवताय.

श्रीरंग : भांड माझ्याशी. वरती उभी राहून हवं तेवढं भांड.

अनघा : भांडायला वेळ नाही माझ्याकडे. फाटकाशी नीलम उभी आहे, दिसली ना? उद्या सकाळी प्रयागराजला तिचं नोकरीच्या कागदपत्रांचं व्हेरिफिकेशन. चार वर्षं घासलीय पोरीनं, पहिल्यांदा यादीत नाव लागलंय. तिच्या ओरिजिनल मार्कशीट्स, जातीचा दाखला, सगळी फाइल लॉकरमध्ये आहे. चौदा नंबर. तिची बस तीनला. चारबागच्या बस स्टँडला पोचायला तासभर धरा. दोनच्या आत ती फाइल मला वर हवी.

श्रीरंग : लॉकर कुठल्या भिंतीला?

अनघा : त्याच.

श्रीरंग : अरे देवा.

अनघा : मी आत्ता जाते आणि घेऊन येते. दोन मिनिटं. चावी माझ्याकडे आहे.

श्रीरंग : पाय टाकून बघ!

रईस : बिटिया, साहब ठीक कह रहे हैं. ज़रा टॉर्च मार के देख लीजिए. मोड़ के बाद चौथी सीढ़ी से सब दिखता है. वहाँ तक तो कोई डर नहीं, साहब, सीढ़ी अलग दीवार पर बैठी है.

श्रीरंग : चौथी. पाचवी नाही. आणि हात रईसमियाँच्या हातात.

अनघा : बरं. … बघते. … बाबा, भिंतीवरचे प्लॅस्टिकचे पॅनेल सुटलेत. तीन-चार लोंबतायत. एका स्क्रूच्या भोकातून धार येतेय, चांगली लांब. पार पलीकडच्या टेबलावर पडतेय.

श्रीरंग : भिंत बघ. आडवी चीर आहे का? छातीच्या उंचीवर?

अनघा : आहे. लॉकरच्या मागून निघालीय, इथे जिन्यापर्यंत. आणि भिंत… चाचा, टॉर्च इधर. भिंत सरळ नाहीये, बाबा. पोट आल्यासारखी दिसतेय.

श्रीरंग : ये वर.

अनघा : थांबा. नोटीस बोर्ड पडलाय. त्याच्यामागे काहीतरी चमकतंय. चिरेवर आडवी चिकटवलेली काच आहे. छोटी पट्टी, तुमच्या प्रयोगशाळेतल्या स्लाइडसारखी. मधून तुटलीय.

श्रीरंग : अनघा, वर ये.

अनघा : बाजूला पेन्सिलनं लिहिलंय. बारा… बारा ऑगस्ट. हे अक्षर तुमचं आहे.

श्रीरंग : वर ये, सांगतो.

अनघा : ही काच तुम्ही लावलीत?

श्रीरंग : हो.

अनघा : कशासाठी?

श्रीरंग : चीर हलतेय का ते कळायला. हलली तर काच तुटते. काच ताणली जात नाही.

अनघा : म्हणजे चीर तुम्हाला माहीत होती. बारा ऑगस्टपासून. आज दहा सप्टेंबर आहे, बाबा!

श्रीरंग : बारीक होती. केसाएवढी. बोर्डावर सुट्टीची यादी लावायला गेलो तेव्हा दिसली. म्हटलं, नजर ठेवू. रोज सकाळी तुझ्या मुली यायच्या आत बोर्ड उचलून बघायचो. परवापर्यंत शाबूत होती. आईच्यान खरं सांगतो.

अनघा : खुर्च्या! एसीचा झोत थेट डोक्यावर येतो, पोरी आजारी पडतील, म्हणून त्या भिंतीपासची रांग तुम्ही हलवायला लावलीत. मी किती खूश झाले होते, माहितीये? आईला फोन करून सांगितलं, बाबांना आता लाइब्ररीची काळजी वाटायला लागली. झोत नव्हता तो!

श्रीरंग : काळजी खरी होती.

अनघा : मग तोंडानं सांगायची! आणि रांग हलली तरी लॉकर तिथेच होते ना? चार आठवडे बावीस मुली दिवसातून दहादा त्या भिंतीपाशी वाकत होत्या. नीलम रात्री आठपर्यंत बसायची. तुम्ही वर बसून पेपर वाचत होतात?

श्रीरंग : नव्हतो गं वाचत. नुसता धरत होतो.

अनघा : का नाही सांगितलंत?

श्रीरंग : चीर सांगितली असती तर तू कारण विचारलं असतंस.

अनघा : मग? कारण काय आहे?

श्रीरंग : आधी त्या पायरीवरून वर ये.

रईस : साहब, हम बोलें?

श्रीरंग : नहीं. मैं बोलूँगा. कारण खड्डा आहे. माझा.

अनघा : आपला पावसाच्या पाण्याचा खड्डा? ज्याचा फोटो हॉलमध्ये लावलाय?

श्रीरंग : तोच. चार घरांच्या गच्चीचं पाणी त्यात येतं. ते खाली मुरायला हवं. ह्या वर्षी तळाला गाळ बसला असणार. ऑगस्टपासून पाणी उतरेचना. रोज टेप सोडून बघायचो. आज काठाखाली दोन फुटांवर, उद्याही दोन फुटांवर. खाली वाट नाही तर पाणी आडवं पसरतं. आणि आडवं पाच फुटांवर आपली भिंत आहे.

अनघा : पाच फुटांवर तुम्हीच घेतलात ना? गावोगाव जाऊन तुम्हीच सांगता, पायापासून लांब घ्या. तुमच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर आहे. मीच टाइप करून दिलीय ती!

श्रीरंग : कॉलनीच्या पार्कात घ्यायचा होता. दोन वर्षं परवानगी आली नाही. मला वाटलं, निवृत्त झालो, हातात किती पावसाळे आहेत? घराशेजारी जागा होती, घेऊन टाकला. म्हटलं, इथली जमीन मला माहीत आहे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं मी.

अनघा : आणि लपवलंत.

श्रीरंग : रविवारी चार कॉलन्यांची माणसं यायचीत तो बघायला. इंदिरा नगरहून दहा जण. आटपाडीचा मी माणूस, अनघा. आमच्याकडं भांडी धुतलेलं पाणी गुरांपुढं ठेवायचे. पाणी जमिनीत घालायचं, एवढंच एक काम आयुष्यात केलं. तेच माझ्या पोरीच्या अंगावर आलंय, हे तोंडातून निघेना. लाज वाटली. झालं?

रईस : बिटिया, आप भी एक बात बोल दीजिए. हमसे अच्छा नहीं लग रहा.

अनघा : चाचा, प्लीज़.

रईस : हम तो गुनहगार हैं ही. पर साहब को मालूम होना चाहिए.

श्रीरंग : काय?

अनघा : सांगते मीच. जूनमध्ये त्या भिंतीवर पांढरं पांढरं फुललं होतं. मिठासारखं. हात लावला की भुगा पडायचा. आणि कोपऱ्यात, फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून, थोडं पाणी झिरपायचं. दोन-तीन मग रोजचं.

श्रीरंग : जूनमध्ये?

अनघा : तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लाइब्ररीला कुलूप लावलं असतं. म्हणून तुम्ही आईबरोबर उल्कामावशीकडे इंदिरा नगरला गेलात त्या दोन दिवसांत मी चाचांकडून तो सांधा बुजवून घेतला. झटपट धरणाऱ्या सिमेंटनं. नोटीस बोर्डाची जागा सोडून वर पॅनेल मारले. छान दिसत होतं.

रईस : हमने कहा था साहब, पानी का रास्ता मत रोकिए, वो दूसरा ढूँढ लेगा. पर बिटिया की आँख में पानी आ गया था. हमसे ना नहीं हुआ.

श्रीरंग : दोन-तीन मग. अगं, तेवढं झिरपत होतं म्हणून भिंतीला श्वास होता. वाट होती पाण्याला. तू वाट बुजवलीस, मी मागून पाणी भरत राहिलो. काय जोडी आहे आपली!

अनघा : हसू नका.

श्रीरंग : हसत नाही. जरा टेकतो.

अनघा : बाबा! पाणी देऊ?

श्रीरंग : पाणीच द्यायचंय, पण मला नको. नीट ऐक. वरच्या टाकीत किती आहे?

अनघा : फुल असेल. सकाळी मोटर लावली होती.

श्रीरंग : टाकीचा पाइप जिन्यात आण आणि खाली सोड.

अनघा : काय? बेसमेंटमध्ये? साडेतीन तास मी ते काढलंय!

श्रीरंग : म्हणूनच. दीड फूट तू काढलंस, ते आधी परत घाल. भिंतीला टेका हवाय, आत्ता, ह्या मिनिटाला. चांगलं पाणी जाऊ दे. रईसमियाँ, यह मोटर बाहर ले चलिए. गड्ढे में डालिए.

रईस : गड्ढा खाली करेंगे? पानी कहाँ फेंकें, साहब?

श्रीरंग : नाली में.

रईस : नाली में? आप कह रहे हैं?

श्रीरंग : हाँ भाई, मैं कह रहा हूँ. आणि अनघा, शेजारच्या चंद्रहासजींना सांग, तिन्ही घरांचे गच्चीचे पाइप खड्ड्यातून काढून रस्त्याकडं वळवा. आभाळ पुन्हा भरलंय. आपला पाइप मी कापतो. करवत कुठं आहे?

अनघा : तुम्ही नका चढू शिडीवर.

श्रीरंग : शिडी नको, खालून कापतो. जा तू. नीलमला आत बसव, काहीतरी खायला दे. तिला सांग, फाइल मिळेल. खोटं वाटू देऊ नकोस.

अनघा : मिळेल का?

श्रीरंग : जा म्हटलं ना.

*

अनघा : टाकी रिकामी झाली, मग बोअरचं पाणीही थेट खाली सोडलं. पाणी पुन्हा कमरेला आलंय. अकरा वाजले, बाबा.

श्रीरंग : धार? स्क्रूच्या भोकातली?

अनघा : टेबलापर्यंत जात होती, अजून तिथेच जातेय.

श्रीरंग : जाईल. आत्ता कुठं खड्डा उपसायला लागलोय. टेप बघ माझ्या हातात. दोन फुटांवर होतं, तीनवर गेलं. पण खड्डा उतरला म्हणजे माती उतरली असं नाही. माती सावकाश सोडते. ती धार खरं सांगेल. ती जितकी आखूड, तितका बाहेरचा रेटा कमी.

अनघा : म्हणजे मी जिन्यात बसून धार बघायची.

श्रीरंग : चौथ्या पायरीवर. दर पंधरा मिनिटांनी ओरडून सांग.

अनघा : बाबा, नालीत किती स्वच्छ पाणी चाललंय. चंद्रहासजी गॅलरीत उभे राहून बघतायत.

श्रीरंग : बघू दे.

अनघा : तुम्ही तिकडे पाठ करून का उभे आहात?

श्रीरंग : मला बघवत नाही, म्हणून. तू तुझी धार बघ.

*

अनघा : बाबा! थेंब पडायला लागले!

श्रीरंग : पाइप सगळे वळवलेत. पडू दे. धार सांग.

अनघा : टेबलाच्या अलीकडे. खुर्चीपाशी पडतेय. बारा वाजून गेले.

रईस : साहब, साढ़े पाँच फुट. मोटर गरम हो रही है.

श्रीरंग : दस मिनट आराम दीजिए, ज़्यादा नहीं. … काय झालं? कसला आवाज?

अनघा : मी… खालून आला. कट. एकच.

श्रीरंग : वर ये! लगेच!

अनघा : आलेय, आलेय वर. बाबा, पडणार का हो?

श्रीरंग : श्वास घे. काय दिसलं शेवटी? चीर मोठी झाली का?

अनघा : नाही वाटत. काय तरी टपकलं पाण्यात. पॅनेल असेल. हो, पॅनेलच. चौथा पॅनेल तरंगतोय.

श्रीरंग : प्लॅस्टिकचा पॅनेल.

अनघा : मारून टाकाल तुम्ही मला एक दिवस, तुम्ही आणि तुमचा खड्डा.

श्रीरंग : तसं बोलू नकोस. आज तरी नको.

अनघा : बरं. नाही बोलत.

*

अनघा : एक वाजला. धार आता भिंतीच्या कडेलाच पडतेय, ओघळल्यासारखी. नीलम तिसऱ्यांदा विचारून गेली.

श्रीरंग : टेप सात फूट. चांगलं आहे. आता मी खाली येतो.

अनघा : तुम्ही? कशाला?

श्रीरंग : नवी काच लावायला. जिन्याच्या बाजूला चीर हाताला लागते, पाचव्या पायरीवरून. दोन टोकांना प्लॅस्टर, वीस मिनिटं थांबायचं. काच राहिली तर भिंत थांबली.

अनघा : आणि तुटली तर?

श्रीरंग : तर नीलम ह्या खेपेला जाणार नाही, आणि तिला ते मी सांगेन. तू नाही. टॉर्च धर. … ओलं आहे, पुसून घेतो. … धर ती काच. कडेला धर. … अस्सं. हात काढ.

अनघा : तारीख?

श्रीरंग : घाल तू.

अनघा : पेन्सिल चालत नाही ओल्यावर.

श्रीरंग : जोर दे. मागच्या वेळी चालली होती.

अनघा : दहा सप्टेंबर. एक वाजून दहा. … बाबा, पाय पाण्यात नका ठेवू, वर घ्या.

श्रीरंग : असू दे. थंड बरं वाटतंय. तुझ्या आईला सांगितलंस?

अनघा : नाही. तुम्ही?

श्रीरंग : नाही.

अनघा : ती उल्कामावशीकडून आली की आपली दोघांची चामडी लोळवणार.

श्रीरंग : लोळवू दे. हक्क आहे तिचा.

*

रईस : साहब, बीस मिनट हो गए.

श्रीरंग : काच?

अनघा : अख्खी आहे. धारही नाही, नुसतं पाझरतंय. जाऊ?

श्रीरंग : मी जातो.

अनघा : लॉकर तुम्हाला उघडता येत नाही. चावी अडकते, उचलून फिरवावी लागते. आणि कमरेएवढ्या पाण्यात तुम्ही पडलात तर भिंतीची गरजच नाही. मी जाते. तुम्ही काचेवर डोळा ठेवा.

श्रीरंग : कमरेला दोर बांध. रईसमियाँ, दोर पकड़िए. मी काय म्हणतो, अनघा…

अनघा : हं?

श्रीरंग : मी ओरडलो की फाइल राहू दे, तशीच फीर. वाद घालायचा नाही.

अनघा : नाही घालत.

श्रीरंग : बोलत राहा. मला आवाज येत राहू दे.

अनघा : पाणी गार आहे. खुर्ची आडवी पडलीय, ओलांडतेय. … नंबर नऊ. दहा. … भिंतीकडे बघायची हिंमत होत नाहीये.

श्रीरंग : बघू नकोस. मी बघतोय. काच जागेवर आहे.

अनघा : बारा. तेरा. चौदा. चावी लावली. … फिरत नाहीये.

श्रीरंग : उचलून फिरव.

अनघा : उचलतेय, यार! … फुगलंय दार. … थांबा. थांबा.

श्रीरंग : काच जागेवर आहे, पोरी. सावकाश. काच जागेवर आहे.

अनघा : उघडलं! वरच्या खणात आहे. कोरडी आहे, बाबा! पिशवी कोरडी आहे!

श्रीरंग : डोक्यावर धर आणि ये. धावू नकोस. खुर्ची आहे मध्ये. … डावीकडं. … हात दे. दे हात. आलीस. आलीस ना?

अनघा : आले. बाबा, सोडा, नीलमला देऊन येते. … बाबा, सोडा ना.

*

रईस : गई आपकी नीलम, बिटिया? बस मिल जाएगी?

अनघा : चंद्रहासजी स्कूटरवर सोडायला गेलेत. मिळेल. माझ्या पाया पडत होती, मला कसंसंच झालं. चाचा, चाय पीजिए. बाबा, तुम्हीही घ्या, चुलीत घालू नका.

श्रीरंग : दे. आता पुढचं ऐक. आतलं पाणी आज काढायचं नाही. उद्यापासून रोज एक वीत, आणि खड्डा नेहमी आतल्यापेक्षा खाली ठेवायचा. फरशी लागली की रईसमियाँ लाकडी बल्ल्या लावून भिंतीला टेका देतील. मग जमिनीलगत भोकं पाडायची, हात-हातभर अंतरावर. आतून नाली, कोपऱ्यात हौद, हौदात पंप. तुझा तो बुजवलेला सांधा आधी फोडायचा. बाहेरून माती उकरून खडी भरायची. भिंत मात्र माझ्या शब्दावर ठेवायची नाही. कोणी बांधकामाचा इंजिनीअर बोलवू, तो म्हणाला पाडा, तर पाडू.

अनघा : आणि लाइब्ररी?

श्रीरंग : वर हॉल आहे ना? मधलं कपाट काढलं तर पंधरा टेबलं बसतील. मी मागच्या खोलीत जातो.

अनघा : बावीस आहेत.

श्रीरंग : मग माझ्या खोलीतही बसव. मी जिन्यात बसेन. सवय झालीय आज.

अनघा : हॉलमधला खड्ड्याचा फोटो काढावा लागेल. टेबलं लावायला.

श्रीरंग : काढ. आणि खड्डाही बुजवायचा. पार्काची परवानगी पुन्हा मागेन. नाही मिळाली तर नाही.

रईस : साहब, इतवार को जो लोग आने वाले हैं, उनको मना कर दें?

श्रीरंग : हाँ, वही सोच रहा था. अनघा, तू मेसेज टाक ना. म्हणावं, तब्येत बरी नाही.

अनघा : नका सांगू तसं. येऊ द्या त्यांना.

श्रीरंग : येऊन काय बघतील? रिकामा खड्डा?

अनघा : आधी खाली आणा. चौथ्या पायरीवर उभं करा, एकेकाला. चीर दाखवा, काच दाखवा. मग वर नेऊन खड्डा दाखवा आणि टेपनं पाच फूट मोजून दाखवा. त्यांच्यातला एखादा तरी घराला चिकटून खणत असेल, बाबा.

श्रीरंग : आणि कोणी विचारलं, साहेब, तुम्हाला हे कळलं कधी?

अनघा : तुम्ही बारा ऑगस्ट सांगा. जूनचं मी सांगेन.